लिओनाचे वर्गणीदार

"हा एमिल व्राना कोण?" पॅट्रिसबाईंनी विचारलं.

त्यांच्या हातात पत्त्यांच्या लेबलांचा लांबलचक कागद होता आणि त्याचं दुसरं टोक जमिनीवर लोळत होतं. लिओनाने चष्मा कपाळावर चढवला. नाव वाचायला नव्हे, नावं तिला पाठ होती. विचारणाऱ्याचं तोंड नीट दिसावं म्हणून.

"एमिल विहिरीचे पंप दुरुस्त करायचा. भला माणूस."

"करायचा म्हणजे?"

"गेला ना तो."

"गाव सोडून?"

"छे, गावातच आहे. टेकडीवरच्या दफनभूमीत, डावीकडून तिसरी रांग."

पॅट्रिसबाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. "कधी वारले?"

"नऊ वर्षं झाली या मार्चमध्ये."

"नऊ वर्षं. आणि दर गुरुवारी त्यांच्या नावाने अंक जातोय." बाईंनी नावापुढे लाल फुली मारली. "बरं, या ब्लांच सेडलाक?"

"ती त्याच्या पलीकडच्या रांगेत," लिओना म्हणाली.

मला हसू आवरेना, म्हणून मी कॉफीचा कप तोंडाला लावला आणि त्यातच ठसका लागला. लिओनाने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने त्या दिवशी ईस्टरला घालायचा निळा ब्लाउज घातला होता. ऑक्टोबरात. त्यावरून मला कळायला हवं होतं की बाई घाबरलेली आहे.

घाबरण्यासारखंच होतं. आमचं साप्ताहिक 'डाउनी क्रीक क्लॅरियन' मागच्या हिवाळ्यात ओमाहाच्या एका कंपनीने विकत घेतलं. त्याआधी ते एकाच घराण्याकडे होतं. त्या घराण्यातला शेवटचा वारस फ्लोरिडाला मासे पकडायला निघून गेला आणि आम्ही तिघं उरलो: संपादक लॉइड, जाहिरातवाला मी, म्हणजे ड्वेन पेट्राचेक, आणि खपाच्या टेबलावर वर्गणीदारांची यादी सांभाळत चौतीस वर्षं बसलेली लिओना हौडेक. नव्या मालकांनी राज्याच्या वृत्तपत्र संघटनेकडून प्रशिक्षण देणाऱ्या या पॅट्रिसबाई मागवल्या. दिवसभराचा कार्यक्रम होता. सकाळी जाहिराती कशा मिळवायच्या, मग खप कसा सांभाळायचा आणि दुपारी शाळेत जाऊन मुलांच्या हाती वर्तमानपत्र कसं द्यायचं. शेवटी बाई चार पानांचा अहवाल मालकांना पाठवणार होत्या. चौथ्या पानावर शेवटचा प्रश्न होता: खपाच्या टेबलाचं काम ओमाहाहून फोनवर होऊ शकेल का?

हे पॅट्रिसबाईंनी आल्या आल्या स्वतःच सांगितलं. लपवाछपवी केली नाही, एवढं मात्र त्यांच्या बाजूने बोललं पाहिजे. लिओना "बरं" म्हणाली आणि कॉफी करायला उठली. लॉइडने लगेच जिल्हा मंडळाची बैठक असल्याचं जाहीर करून टोपी उचलली. अशा वेळी कुठून तरी बैठक काढण्याची कला त्या माणसाला जन्मजात आहे.

यादी निघण्याआधी सकाळचा वर्ग झाला होता, तो एकट्या माझाच. पॅट्रिसबाई हार्डवेअरच्या दुकानदार झाल्या आणि मी जाहिरात मागायला आलो, असं नाटक करायचं होतं. मी आत आलो. हवापाण्याचं बोललो. बाई म्हणाल्या, "यंदा जाहिरात नको." मी "बरं" म्हणालो आणि निघालो.

"कुठे चाललात?" बाईंनी विचारलं.

"नको म्हणालात ना."

त्यांनी डोळे मिटून घेतले. तीसेक वर्षांत तीनशे वर्तमानपत्रांतून फिरलेली बाई होती, पण असा विद्यार्थी बहुधा पहिलाच. मग त्यांनी विचारलं की इतकी वर्षं जाहिराती मिळाल्या तरी कशा? मी खरं ते सांगितलं. दुकानात जायचं, काउंटरला टेकायचं, मक्याचं बोलायचं, फुटबॉलचं बोलायचं. कधी ना कधी मालकच वैतागून म्हणतो, "मागच्यासारखीच छाप." सत्तावीस वर्षांत मी कुणाकडे तोंड उघडून जाहिरात मागितलेली नव्हती. आमच्याकडे मागणं हे वाईटच दिसतं.

"आज मागायची," बाई म्हणाल्या. "पाचवीच्या वर्गाला चोवीस अंक लागणार आहेत. त्यांना एक पुरस्कर्ता शोधून आणा. थेट विचारायचं आणि मग गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला."

यादीचं काम सुरू झालं आणि कॉफी संपवून मी धान्याच्या कोठारावर गेलो. तिथला मॅनेजर मार्व्हिन कुबिक आणि मी शाळेत एकाच बाकावर होतो. त्याला थेट विचारलं आणि गप्प बसलो. मार्व्हिनही गप्प बसला. बाईंचा नियम शहरात चालत असेल. डाउनी क्रीकमध्ये गप्प बसण्यात कोण कुणाला हरवणार? अकरा मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो होतो. मध्ये एक ट्रक मका ओतून निघूनही गेला. शेवटी मार्व्हिन म्हणाला, "कापणी झाल्यावर ये." म्हणजे नियमाप्रमाणे मी जिंकलो, पण हात हलवत परत आलो.

मी परतलो तेव्हा लेबलांच्या कागदावर लाल फुल्यांचं पीक आलं होतं. एकूण तीस. त्यातल्या सातजणांच्या बायका नवऱ्याच्या नावाने येणारा अंक स्वतः वाचत होत्या, त्यांचं बाईंना काही वाटलं नाही. प्रश्न उरलेल्यांचा होता. ही घरं बंद, टपालपेट्या बंद, आणि तरीही मुलं दरवर्षी डेन्व्हरहून, कॅन्सस सिटीहून, कुठून कुठून वर्गणी भरत होती. नूतनीकरणाच्या चिठ्ठीवर 'बंद करा' या चौकोनात खूण करायला एकाचाही हात धजावला नव्हता.

"मग हे अंक जातात कुठे?" बाईंनी विचारलं.

लिओना उठली आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. आत छतापर्यंत गठ्ठे रचलेले होते, वर्षावार, सुतळीने बांधलेले. पोस्टमास्तर आर्लो ते टाकून द्यायला तयार नव्हता. तो दर गुरुवारी ते बाजूला काढून ठेवायचा, आणि लिओना ते घेऊन यायची. त्या दिवशी सकाळीही तिने तेवीस ताजे अंक आणून टेबलाखाली ठेवले होते.

पॅट्रिसबाई खुर्चीत बसल्या. आवाज चढवला नाही, उलट हळूच बोलल्या. म्हणाल्या, "लिओना, खपाचा पहिला नियम आहे. नाव वाचणाऱ्याचं हवं आणि पत्ता तो वाचतो तिथला हवा. ही यादी मालकांनी पाहिली तर ते पहिला फोन तुमच्या टेबलाचा बंद करतील. ही नावं तुम्ही काढली का नाहीत?"

लिओनाने कागदाचं जमिनीवरचं टोक उचललं आणि घडी घालू लागली.

"या प्रत्येकाच्या मृत्यूची बातमी मीच टाइप केलीय," ती म्हणाली. "एकदा केली. यादीतून काढायचं म्हणजे पुन्हा मारायचं. ते माझ्याकडून होत नाही. ओमाहाच्या मुलीकडून होईल, तिला द्या."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी अभ्यास दिला: जेवणाच्या सुट्टीत यादीतल्या घरांना फोन करायचे आणि नाव बदलायचं की अंक बंद करायचा ते स्पष्ट विचारायचं. शाळेचा कार्यक्रम मात्र रद्द करावा लागेल, कारण पुरस्कर्ता नाही. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यातल्या कॅलेंडरवरची तारीख पाठ करत होतो.

लिओनाने फोन उचलला आणि पहिला नंबर न बघता फिरवला. डेन्व्हर, रॉडनी व्राना, एमिलचा मुलगा. सात-आठ मिनिटं रॉडनीचा गुडघा झाला. मग त्याच्या मुलीचं लग्न झालं, डेन्व्हरच्या हवेवर बोलून झालं. बाई पेन हातात घेऊन थांबल्या होत्या. मी सँडविच खात होतो.

"रॉडनी, एक विचारू का?" लिओना म्हणाली आणि फोनची वायर बोटाला गुंडाळू लागली. माझ्या लक्षात आलं की बाईंनी सांगितलेला प्रश्न तिला विचारवत नाहीये. तिची नजर टेबलाखालच्या गठ्ठ्यावर गेली. "तुझ्या बाबांचा अंक शाळेत दिला तर चालेल का? पाचवीच्या मुलांना वाचायला?"

पलीकडे काय झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. लिओना "हं" म्हणाली, पुन्हा "हं" म्हणाली आणि टेबलावरचा कागदी रुमाल ओढून घेतला. फोन ठेवल्यावर तिने सांगितलं, "तो म्हणाला, बाबांची शाळा पाचवीतच सुटली होती. आता पुन्हा बसू दे वर्गात."

बाईंच्या पेनाचं टोपण बंद झाल्याचा आवाज आला.

त्या सुट्टीत लिओनाने आणखी चार फोन केले. दोघं रडले, एकाने विचारलं की हे आधी का नाही सुचलं, आणि ब्लांच सेडलाकच्या थोरल्या लेकीने तेवढ्यात कोलाच नावाच्या गोड पावाची पाककृती विचारून घेतली. उरलेले फोन शनिवारपर्यंत करते, त्यांची उत्तरं मला माहीतच आहेत, असं लिओना म्हणाली. पॅट्रिसबाईंनी नियमांची वही उघडली, एक पान वाचलं, मिटली. "वर्गात द्यायच्या प्रत्येक अंकाला पुरस्कर्ता हवा, एवढंच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पुरस्कर्ता जिवंत हवा असं कुठे दिसत नाही."

मी गठ्ठा उचलला. लिओना नेहमीप्रमाणे घरी जाऊन मांजराला खायला घालून, आपली टपालपेटी उघडून आली आणि आम्ही तिघं माझ्या गाडीतून शाळेत निघालो. बाई वाटेत सगळं समजावत होत्या. मुलांना हवामानाचा तक्ता वाचायला द्यायचा, जाहिरातींतल्या किमतींची गणितं घालायची, एक बातमी कापून चिकटवायला लावायची. सांगण्याच्या ओघात एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही, आणि तिघांनी मिळून वर्तमानपत्राच्या धंद्यात घालवलेली वर्षं नव्वदीच्या वर जातील.

आम्ही लेबलं काढली नव्हती.

अंक वाटून झाले. मिनिटभर कागदांची सळसळ झाली. मग पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "हा माझा नाहीये. यावर एमिल व्राना लिहिलंय."

वर्गशिक्षिका मिस ब्रुडनी पांढरीफटक पडली. ती एमिलच्या शेजारच्या घरात लहानाची मोठी झालेली. तेवढ्यात दुसरीकडून आवाज आला, "माझ्यावर ब्लांच सेडलाक. ती तर माझी पणजी. ती मेलीय."

"माझा अर्नेस्ट पोकोर्नी. तोपण मेलाय."

"सगळेच मेलेत," मागून कुणीतरी आनंदाने जाहीर केलं.

मी दाराकडे सरकलो. पॅट्रिसबाई पुढे होऊन काहीतरी सांगायला गेल्या, पण तीनशे वर्तमानपत्रांत त्यांच्यावर हा प्रसंग आला नसावा, त्या नियमांची वहीच चाळू लागल्या. लिओना मात्र सरळ फळ्यापाशी गेली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. 

"एमिलचा अंक कुणाकडे आहे? तू होय. एमिलने तुझ्या शाळेच्या विहिरीचा पंप बसवला. त्या दिवशी त्याने पैसे घेतले नाहीत, पण जेवणघरातल्या बाईकडून तीन वाट्या पुडिंग खाल्लं. त्याला हवामानाचं पान लागायचं. ते उघड. अर्नेस्ट कुणाकडे? अर्नेस्ट आमच्या पेपरात दर आठवड्याला चूक काढून पत्र पाठवायचा. तू आजच्या अंकात एक चूक शोधायचीस, अर्नेस्टच्या वतीने."

"असेल का पण चूक?" अर्नेस्टवाल्या मुलीने विचारलं.

"लॉइड संपादक आहे," लिओना म्हणाली. "भरपूर सापडतील."

मग जे सुरू झालं ते आवरेना. मुलं नावं ओरडून विचारत होती आणि लिओना एकेकाचं सांगत होती: कोण कुठलं पान आधी उघडायचं, कोण शब्दकोडं पेनने सोडवायचं, कोण फक्त लिलावाच्या जाहिराती वाचायचं. ब्लांचच्या पणतूने आपला अंक बाकाखाली लपवला, कारण त्याच्या शेजाऱ्याला तो बदलून हवा होता. मिस ब्रुडनीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. हवामानाचा तक्ता, किमतींची गणितं, सगळं झालं, पण एमिलसाठी आणि ब्लांचसाठी. शाळेत मुलं इतक्या गंभीरपणे वर्तमानपत्र वाचताना मी कधी पाहिली नव्हती. मोठी माणसंही वाचताना पाहिली नव्हती.

खिडकीजवळची एक मुलगी तेवढी नुसतीच बसली होती. टेसा तिचं नाव. तेवीस अंक आणि चोवीस मुलं, हा हिशोब आम्ही केलाच नव्हता.

"मला कुणीच नाही आलं," ती म्हणाली.

लिओना तिच्यापाशी गेली.  मग पर्स उघडून तिने घडी घातलेला एक अंक काढला. त्यावर कुणाचं लेबल आहे हे मला न बघता ठाऊक होतं. मागे एकदा तिचा फ्रीज उचलायला मी तिच्या घरी गेलो होतो, तेव्हा खिडकीजवळची खुर्ची पाहिली होती. तिच्या शेजारच्या तिवईवर अंकांची चळत होती, सगळ्या घड्या तशाच. लिओना स्वतः पेपर ऑफिसात वाचते. तो दुसरा अंक सहा वर्षं घरी येत होता आणि कुणी उघडत नव्हतं. सकाळी बाईंनी पाहिलेल्या यादीतही तो होता. नवऱ्याच्या नावाचा अंक वाचणाऱ्या सात बायकांमध्ये तिने स्वतःला मोजलं होतं.

टेसाने लेबल वाचलं. "लुमीर हौडेक. हे तुमचे कोण?"

"माझा नवरा."

"मग तुम्ही त्यांना परत न्याल ना?"

"नाही," लिओना म्हणाली. "तो खेळाचं पान आधी बघायचा. तू तिथून सुरू कर."

मुलीने अंक बाकावर ठेवला, तळहाताने घडी सरळ केली आणि शेवटचं पान उघडलं. पॅट्रिसबाई खिडकीतून बाहेर मैदान बघू लागल्या. मैदानावर कुणीही नव्हतं. 

ऑफिसात परतल्यावर बाई लिओनाच्याच टेबलावर अहवाल लिहायला बसल्या. माझ्याबद्दल काय लिहिलं ते मी विचारलं नाही. चौथ्या पानावरचा शेवटचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी लिओनाला हाक मारली आणि तिच्यासमोर उत्तर लिहिलं. 'खपाच्या टेबलाचं काम ओमाहाहून होऊ शकेल का?' याखाली त्यांनी लिहिलं: 'ओमाहात कुणाला एमिल व्राना कोणतं पान आधी उघडायचा हे ठाऊक असेल, तर होईल.'

"हे कळेल का त्यांना?" लिओनाने विचारलं.

"फोन करतील. मग मी समजावेन. तेवढं मला येतं," बाई म्हणाल्या. जाताना त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, मिस्टर पेट्राचेक, मागत जा. आणि लिओनाकडून कोलाचचा डबा घेऊन त्या पुढच्या गावाला गेल्या.

मालकांचं पत्र दहा-बारा दिवसांनी आलं. टेबल तूर्तास राहील, असं त्यात होतं. मी त्या 'तूर्तास'वर चिडलो. लिओना म्हणाली, "तूर्तास तर आपण सगळेच आहोत," आणि पत्र फायलीत लावलं.

त्याच आठवड्यात मार्व्हिन कुबिक ऑफिसात आला. कापणी अजून संपली नव्हती. टोपीवर मक्याची धूळ तशीच होती. त्याची नात पाचवीत आहे, आणि ती रोज रात्री जेवताना अर्नेस्ट पोकोर्नीबद्दल विचारून त्याचं डोकं खाते. तो काउंटरला टेकला, हवापाण्याचं बोलला, फुटबॉलचं बोलला. मी गप्प बसलो. बाईंची शपथ, एक शब्द बोललो नाही.

"सहावीच्या वर्गाला अंक द्यायचे असतील," मार्व्हिन शेवटी म्हणाला, "आणि जिवंत माणसाचं नाव लावायचं असेल, तर काय करावं लागतं?"

बुधवारी दुपारी मी लेबलं लावायला लिओनाच्या मदतीला बसतो. हे काम माझं नाही, पण तिच्या टेबलाशी ऊन येतं. त्या बुधवारी ती एकेक लेबल सोलून देत होती आणि मी चिकटवत होतो. शाळेचा गठ्ठा वेगळा होता. एमिल, ब्लांच, अर्नेस्ट, सगळे ओळीने आले. चोविसावं लेबल तिने मला दिलं नाही. स्वतःच अंकावर लावलं आणि अंगठ्याने चारी कोपरे दाबले.

मी मान तिरकी करून वाचलं. नाव तेच होतं, एक अक्षर बदललेलं नव्हतं. फक्त खालचा पत्ता तिने नवा टाइप केला होता.

लुमीर हौडेक
इयत्ता पाचवी, खिडकीजवळचा बाक
डाउनी क्रीक शाळा